सायलेन्सरच्या आत : प्रस्तावना

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० क्रमांकाचा नियम सायलेन्सरविषयी आहे. यंत्राच्या पोटात काय असावे हे कायदा सहसा सांगत बसत नाही. या नियमात मात्र ते आले आहे. इंजिनातून सुटणाऱ्या वायूंचा आवाज एक्स्पान्शन चेंबरने किंवा अन्य मार्गाने शक्य तितका कमी करणारे साधन प्रत्येक मोटारवाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, हवे असा त्याचा आशय. एक्स्पान्शन चेंबर म्हणजे अरुंद नळीला मध्येच जोडलेला रुंद डबा. या पुस्तकातली सगळी प्रकरणे त्या डब्यापासून सुरू होतात आणि बरीचशी त्याच्याभोवतीच फिरतात. डबा समजला म्हणजे सायलेन्सर समजला असे नव्हे. पण डबा न समजताच ज्याने संगणकावर सायलेन्सरचे मॉडेल उभे केले, त्याच्या पदरात रंगीत चित्रापलीकडे काही पडत नाही.

सायलेन्सरमध्ये आवाज शोषून घेणारे काहीतरी ठासून भरलेले असते, अशी बहुतेकांची समजूत असते. दुचाकीचा एखादा जुना सायलेन्सर कटरने उभा चिरून पाहावा. काजळी खरवडली की आत पत्र्याच्या चकत्या दिसतात. कारागीर त्यांना बॅफल म्हणतात. त्यांनी नळकांड्याचे दोन-तीन कप्पे पाडलेले असतात. इंजिनाकडून आलेली नळी पुष्कळदा पहिला कप्पा ओलांडून पुढच्या कप्प्यात उघडते, तिथला वायू दुसऱ्या नळीने उलटा मागे येतो आणि तिसऱ्या नळीने बाहेर पडतो. एखाद्या नळीला बारीक भोके पाडलेली असतात. रचना कंपनीगणिक बदलते, पण हलणारा भाग एकही नसतो आणि अनेकदा काचलोकरीचा धागाही नसतो.

तरी आवाज कमी होतो, कारण ध्वनिलहरीला वाटेतला बदल मानवत नाही. अरुंद नळीतून रुंद डब्यात शिरताना तिचा काही भाग तोंडाशीच मागे फिरतो. डब्यातून पुन्हा अरुंद नळीत शिरताना आणखी काही भाग मागे फिरतो. पुढे जाणाऱ्या आणि मागे फिरलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही वारंवारतांना पलीकडे जायला फारसे काही उरत नाही. या जातीच्या सायलेन्सरात आवाज जिरवला जात नाही, परतवला जातो. हा फरक मनात पक्का बसेपर्यंत पुढे जाऊ नये.

आकडे घेऊ. नळीचा व्यास ५० मिमी, डब्याचा व्यास १५० मिमी, डब्याची लांबी ३०० मिमी. दोन्ही छेदांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ९ येते. एवढ्यावर कागदावर सुटणारे एक सूत्र आहे आणि ते सांगते की या डब्यात आवाजाची जास्तीत जास्त घट १३ डेसिबलच्या आसपास होईल. म्हणजे आत शिरलेल्या ध्वनिशक्तीचा सुमारे एकविसावा हिस्सा पलीकडे जाईल. ही कमाल मिळते ती डब्याची लांबी तरंगलांबीच्या पाव असताना. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ती वारंवारता २८६ हर्ट्झ. तिच्या दुपटीला, ५७२ हर्ट्झला, डब्याची लांबी बरोबर अर्धी तरंगलांबी होते आणि घट शून्यावर येते. तेवढ्या वारंवारतेपुरता डबा असून नसल्यासारखा. पुढे पुन्हा चढ, पुन्हा उतार. घुमट आणि दरी, घुमट आणि दरी असा हा आलेख या विषयात काम करणाऱ्याला झोपेतून उठवले तरी काढता आला पाहिजे.

दऱ्या बुजवायची युक्ती जुनी आणि देखणी आहे. आत येणारी नळी डब्यात लांबीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे १५० मिमी, घुसवायची आणि बाहेर जाणारी नळी पाव लांबीपर्यंत, म्हणजे ७५ मिमी. नळीच्या बाहेर आणि डब्याच्या आत जी कड्याच्या आकाराची बंद पोकळी तयार होते, ती स्वतःच एक अनुनादक बनते. १५० मिमीची पोकळी नेमकी ५७२ हर्ट्झला बोलू लागते, ७५ मिमीची ११४३ हर्ट्झला; म्हणजे पहिल्या दोन दऱ्यांच्या जागीच. लांब पोकळी तिसरी दरीही सांभाळते. दर चारांतल्या तीन दऱ्या दोन नळ्या लांबवून गेल्या, खर्च जवळपास काही नाही. मात्र एक खोच आहे. पोकळीच्या उघड्या तोंडाशी लहर थोडी बाहेर डोकावते, त्यामुळे ध्वनीच्या हिशेबाने पोकळी प्रत्यक्ष मापापेक्षा जरा लांब ठरते आणि नळी तेवढी आखूड ठेवावी लागते. किती आखूड, हे सरळ सूत्राने नीट सांगता येत नाही. फायनाइट एलिमेंटचे, म्हणजे पोकळीचे बारीक तुकडे पाडून सोडवलेले, मॉडेल ते मिलिमीटरपर्यंत सांगते. संगणकाने सायलेन्सरच्या कामात स्वतःची किंमत कुठे वसूल केली असे कोणी विचारले, तर मी आधी हेच उदाहरण देतो.

आता तोच डबा गरम करू. सायलेन्सर किती तापतो हे पोटरीला चटका बसलेल्या कोणालाही सांगायला नको. आतला वायू ४०० अंशांवर असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर होतो. घुमटाचा माथा २८६ वरून ४३३ हर्ट्झवर सरकतो आणि पहिली दरी ५७२ वरून ८६७ वर. पत्रा तोच, माप तेच, फक्त तापमान बदलले आणि सगळा आलेख दीडपट ताणला गेला. दुचाकीचे एक सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असताना दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, स्फोट करते. त्या ५० हर्ट्झवर आपला डबा थंड हवेत जेमतेम ४ डेसिबल कमी करतो आणि गरम वायूत दोनच. इंजिनाचा मूळ ठोका अशा एकट्या डब्याला दाद देत नाही. तो दाबायला मोठे आकारमान, लांब नळ्या किंवा जोडीला वेगळे अनुनादक लागतात. एवढी साधी गोष्ट, पण मॉडेलमध्ये ‘हवा, २० अंश’ ही सॉफ्टवेअरने आयती भरून दिलेली नोंद तशीच राहिलेले कितीतरी अहवाल माझ्या हाताखालून गेले आहेत. चित्रे झकास, निष्कर्ष दुसऱ्याच कुठल्या तरी सायलेन्सरचे.

या विषयाचा पाया १९५४ सालच्या एका अहवालात आहे. अमेरिकेच्या नाका या वैमानिकी संशोधन संस्थेचा तो ११९२ क्रमांकाचा अहवाल. लेखक डेव्हिस, स्टोक्स, मूर आणि स्टीव्हन्स. त्यांनी एका कप्प्याचे, अनेक कप्प्यांचे, अनुनादक जोडलेले असे ७७ सायलेन्सर तपासून प्रत्येकाचा आलेख छापला आणि शेजारी सिद्धान्ताचा आलेख ठेवला. प्रयोग खोलीच्या तापमानाला केले, वायूचा प्रवाह सोडलेला नव्हता आणि आवाजाचा उगम इंजिन नसून लाउडस्पीकर होता, हे त्यांनी सारांशातच लिहून ठेवले आहे. आपण काय मोजले आणि काय मोजले नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे अहवाल आज कमी वाचायला मिळतात.

पुढच्या काळात प्रत्येक नळी, प्रत्येक कप्पा, प्रत्येक जोड यांना चार संख्यांची एकेक सारणी देऊन त्या सारण्यांचा गुणाकार करण्याची पद्धत रूढ झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एम. एल. मुंजाल यांचा ‘अकूस्टिक्स ऑफ डक्ट्स अँड मफलर्स’ हा ग्रंथ १९८७ साली निघाला, २०१४ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. जगभर सायलेन्सरवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर हे पुस्तक असते. इंजिनिअरिंगच्या ज्या थोड्या शाखांत मूळ संदर्भग्रंथ भारतीयाने लिहिलेला आहे, त्यांत ही एक. सारण्यांच्या पद्धतीने अख्खा सायलेन्सर संगणकावर क्षणात सुटतो आणि आजही कोणताही नवा आराखडा पहिल्यांदा तिच्यातूनच काढावा, असे माझे मत आहे.

मग फायनाइट एलिमेंटची गरज कुठे पडते? सारण्यांच्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : नळीच्या कोणत्याही छेदात सगळीकडे दाब सारखा आहे, लहर सपाट पडद्यासारखी सरळ पुढे चालली आहे. वारंवारता कमी असताना ते खरे असते. आपल्या १५० मिमीच्या डब्यात थंड हवेत १३३९ हर्ट्झच्या वर लहरी आडव्याही खेळू लागतात. डब्याच्या एका बाजूला दाब वाढलेला, दुसऱ्या बाजूला घटलेला. नळ्या बरोबर मध्यावर असतील तर ही पहिली आडवी लहर उठत नाही आणि २७८८ हर्ट्झपर्यंत निभावते. पण खऱ्या सायलेन्सरात नळ्या मध्यावर क्वचितच असतात. जागा नसते, चेसिस आडवी येते, मडगार्ड आडवे येते. मोटारीचा सायलेन्सर तर लंबगोल, कधी एका अंगाने चेपलेला, नळी वरून शिरते आणि बाजूने निघते. अशा आकाराला सूत्र नसते. तिथे पोकळीचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर ध्वनीचे समीकरण मांडणे आणि सगळी मिळून एकदम सोडवणे, हाच मार्ग उरतो.

या पद्धतीचा जन्म आवाजासाठी झाला नाही. गणितज्ञ कुरांट यांनी १९४३ साली तिचे बीज मांडले. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या सांगाड्याच्या गणितासाठी ती वापरात आणली. १९६० साली क्लफ यांनी तिला आजचे नाव दिले. सायलेन्सरमधली घट या पद्धतीने काढून दाखवण्याचे काम यंग आणि क्रॉकर यांनी १९७५ साली केले. त्या काळी ज्या हिशेबाला मोठी संगणकखोली लागे, तो आज विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत उरकतो. हिशेबाची अडचण संपली, तशी समजुतीची अडचण उघडी पडली.

तुकडे किती बारीक करायचे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. रुळलेला ठोकताळा असा की सर्वांत लहान तरंगलांबीत निदान सहा तुकडे बसावेत. ३००० हर्ट्झपर्यंत जायचे तर थंड हवेत तरंगलांबी ११४ मिमी, म्हणजे तुकडा १९ मिमीपेक्षा मोठा नको. वारंवारतेची मर्यादा दुप्पट केली की तुकड्यांची संख्या आठपट होते, हेही ध्यानात ठेवावे. यापलीकडे मेशवर, म्हणजे या तुकड्यांच्या जाळीवर, फार वेळ घालवू नये. कामे बिघडतात ती मेशमुळे कमी आणि सीमेवरच्या अटींमुळे जास्त, आणि त्यांविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे.

पोकळीच्या प्रत्येक पृष्ठभागावर काय घडते ते मॉडेलला सांगावे लागते. न सांगितल्यास फायनाइट एलिमेंटचे गणित त्या पृष्ठभागाला कठीण भिंत समजते. त्या गणिताच्या घडणीतच ते आहे, सॉफ्टवेअर कोणतेही असो. पत्र्याच्या भिंतींना हे चालते. पण बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडावर काहीच लिहिले नाही तर तिथेही भिंत उभी राहते आणि आपण बूच मारलेल्या सायलेन्सरचे गणित करत बसतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. आलेखात सुईसारखी टोके उगवतात, एखाद्या वारंवारतेला दाब अवाच्या सवा चढतो आणि नवखा माणूस त्याला अनुनाद समजून त्यावर परिच्छेद लिहितो. ट्रान्समिशन लॉस, म्हणजे आत शिरलेल्या आणि पलीकडे गेलेल्या ध्वनिशक्तीतली घट, काढायचा असेल तर त्या तोंडावर लहर परत न फिरवणारी अट द्यावी लागते, म्हणजे तिथला रोध (दाब आणि वायूच्या हालचालीचा वेग यांचे गुणोत्तर) वायूची घनता गुणिले ध्वनीचा वेग इतका ठेवावा लागतो. आणि आत येणाऱ्या तोंडावर येणारी लहर आणि परत जाणारी लहर वेगळ्या ओळखता येतील अशी सोय करावी लागते. जन्मवेळ चुकीची सांगितली तरी ज्योतिषी कुंडली मांडून देतोच; सॉफ्टवेअरचेही तसेच आहे.

सममितीचा सापळा याच घरातला. वेळ वाचवण्यासाठी अर्धा किंवा पाव सायलेन्सरच मॉडेलमध्ये घ्यायची पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे. परंतु नळी मध्यापासून सरकलेली असताना पाव मॉडेल घेतले तर ज्या आडव्या लहरी खऱ्या सायलेन्सरात हमखास उठतात, त्यांना मॉडेलमध्ये जागाच राहत नाही. उत्तर सुंदर येते, आणि चुकीचे येते.

दुसरा गोंधळ आपण नेमके काय काढले याचा. कारखान्यात साहेब विचारतात, ‘हा बसवला तर किती डेसिबल कमी होतील?’ मॉडेल सांगते ट्रान्समिशन लॉस. हा या प्रश्नाचा जबाब नव्हे. ट्रान्समिशन लॉस हा एकट्या सायलेन्सरचा गुण आहे; मागे कोणते इंजिन आहे, पुढची नळी किती लांब आहे, यांचा त्यात हिशेब नाही. साहेबांना हवा असतो इन्सर्शन लॉस, म्हणजे सायलेन्सर बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा फरक. आणि त्यासाठी उगमाचा रोध व शेवटच्या नळीची लांबी माहीत लागते. उत्तम ट्रान्समिशन लॉस असलेला सायलेन्सर चुकीच्या लांबीच्या नळीबरोबर बसवला तर एखाद्या वेगाला आवाज वाढतोही. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी खपवणे ही या धंद्यातली सर्वांत महाग चूक आहे. त्यामुळे पुस्तकात ते दोन स्वतंत्र प्रकरणांत ठेवले आहेत.

भोके पाडलेल्या नळ्यांबद्दल थोडेच. तीन-तीन मिलिमीटरची शेकडो भोके एकेक करून मेशमध्ये घालायची नसतात. त्या सबंध पृष्ठभागाला एक रोध दिला की भागते आणि सलिव्हन व क्रॉकर यांच्या १९७८ सालच्या कामापासून हाच रिवाज आहे. काचलोकर किंवा खडकलोकर भरलेल्या सायलेन्सरसाठी डिलेनी आणि बेझली यांची १९७० सालची सूत्रे अजून चालतात. त्यांना लोकरीचा प्रवाहरोध तेवढा कळावा लागतो, आणि पुरवठादाराच्या कागदावर नेमका तोच नसतो. वायूच्या प्रवाहाचा परिणाम मात्र स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. प्रवाहाने लहरींचा वेग बदलतो, भोकांचा रोध बदलतो, वायू कडांवर घासून स्वतःचा नवा आवाज काढतो, आणि सायलेन्सर जास्त अडवणारा केला तर इंजिनावर उलटा दाब येऊन इंधन जास्त जळते. ध्वनीचे मॉडेल जे मागते ते इंजिनवाल्याला नको असते. ही रस्सीखेच कोणत्याही सॉफ्टवेअरने मिटवलेली नाही, ती दोन माणसांना समोरासमोर बसूनच मिटवावी लागते.

मॉडेल झाले, आता मोजणी. सायलेन्सरच्या दोन्ही बाजूंना सरळ नळ्या, प्रत्येक नळीत दोन मायक्रोफोन, एका टोकाला लाउडस्पीकर. दुसरे टोक एकदा उघडे आणि एकदा बंद ठेवून दोनदा मोजायचे. चार मायक्रोफोनांच्या या पद्धतीला एएसटीएम ई २६११ हे मानक आहे. मोजलेला आलेख आणि मॉडेलचा आलेख एकमेकांवर ठेवले की बहुधा एखादी दरी सरकलेली दिसते. अशा वेळी मॉडेलचे आकडे जुळेपर्यंत पिळू नयेत, सायलेन्सर कापावा. बहुतेकदा आत नळी आराखड्यापेक्षा पाच-सात मिलिमीटर आखूड निघते, बॅफल तिरके बसलेले असते किंवा वेल्डिंगची फट राहिलेली असते.

मराठीत हे पुस्तक का, असे विचारणाऱ्याने पुणे-पिंपरी-चाकणचा नकाशा पाहावा, छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज पाहावे. वाहने, त्यांची इंजिने आणि सायलेन्सर बनवणारे, जोडणारे आणि तपासणारे हजारो हात या पट्ट्यात आहेत. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या कोथरूडकरांना तिचे फाटक पाठ आहे, आत काय चालते ते बहुधा नाही. १ एप्रिल २००५ पासून दुचाकींना जाता जाता होणाऱ्या आवाजाच्या ज्या मर्यादा लागू झाल्या, त्या ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० अशा होत्या. दोन-तीन डेसिबलसाठी कारखान्यातला चमू महिनोन्‌महिने झटतो, आणि गाडी घरी नेल्यावर मालक पहिल्या रविवारी तो सायलेन्सर काढून पोकळ नळकांडे बसवतो. पोलीस ती नळकांडी जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, दुकानात तसलाच माल पुन्हा टांगलेला असतो. बुलेटचा ठोका ज्यांना प्रिय आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. ठोका खालच्या वारंवारतेत असतो आणि तो राखून वरचा कर्कश फडफडाट कापता येतो. तेवढ्यासाठी आत चार पत्रे आणि थोडी अक्कल लागते. पोकळ नळकांड्यात दोन्ही नसतात.

हे पुस्तक पदविका किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी आणि कारखान्यात मॉडेल करायला नुकत्याच बसलेल्यांसाठी लिहिले आहे. कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची बटणे यात शिकवलेली नाहीत. बटणे दर आवृत्तीला जागा बदलतात. सगळी उदाहरणे मेशसाठी जीमेश आणि सोडवण्यासाठी एल्मर या विनामूल्य साधनांवर होतील अशी बेतली आहेत, त्यामुळे परवाना नाही ही सबब कोणाला राहू नये. गणित बारावीच्या पुढचे आहे, पण सदिश आणि संमिश्र संख्या आठवत असतील तर कुठे अडणार नाही. दुसऱ्या प्रकरणातला ३०० मिमीचा डबा आधी कागदावर सोडवावा, त्याचा आलेख हाताने काढावा आणि मगच संगणक सुरू करावा. तुमचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले नाहीत तर तापमान आणि बाहेरच्या तोंडावरची अट आधी तपासा; तरीही जुळले नाहीत तर प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.